घर काढ, माणूस ठेव

दोन फोटो जोडून एक केलेल्या जोडफोटोतली लबाडी पायाशी पकडली जाते, असं छगनदादा सांगायचे. लोक फोटोत तोंड बघतात, दागिने बघतात, मागचा ताजमहाल बघतात. पायाकडे कोणी बघत नाही, आणि कच्चा कारागीर नेमका तिथेच फसतो. त्याचा माणूस जमिनीवर उभा न दिसता हवेत टांगल्यासारखा दिसतो. म्हणून दादा सगळ्यात आधी पाय घ्यायचे. उजेड कुठल्या बाजूचा, सावली किती लांब, जमीन फरशीची की मातीची, हे सगळं आधी. पाय टेकले की वरचं आपोआप बसतं, असं त्यांचं म्हणणं. तोंडाकडे ते शेवटी वळायचे, आणि काम घाईचं असलं तर वळायचेही नाहीत.

धडगावात त्यांचा दीपमाला फोटो स्टुडिओ माझ्या दुकानाच्या बरोबर समोर होता. माझं दुकान झेरॉक्सचं. अर्जही लिहून देतो. आम्ही दोघंही घाटाखालची माणसं. दादा म्हसावदचे, मी पुरुषोत्तमनगरचा, माझे वडील साखर कारखान्यात होते. पहाडात येऊन आम्हाला पंचवीस-तीस वर्षं झाली, तरी आपसात बोलायचं ते अहिराणीतच. गिऱ्हाईक आलं की मी शाळेतली मराठी आणि जमेल तेवढी पावरी, म्हणजे इथल्या आदिवासींची बोली, काढायचो आणि दादा हातवारे.

दादांनी शहाद्याच्या एका जुन्या स्टुडिओत काम शिकलेलं. पेन्सिलीने निगेटिव्ह घासून चेहरा उजळ करायच्या काळातले ते. पुढे कॉम्प्युटर आला, तोही ते हट्टाने शिकले. त्यांच्या मशीनमध्ये शेकडो देखावे होते. पहाडात जन्मलेली पोरं गुजरातेतून ऊसतोड करून परत यायची, तेव्हा त्यांना फोटोत मागे डोंगरच हवा असायचा, पण बर्फाचा. कोणाला समुद्र, कोणाला विमान. एका पावरा म्हाताऱ्याने मात्र सांगितलं होतं, मागे बैलजोडी टाक, माझी विकली ती. दादांनी दोन दिवस खपून त्याला हवे तसे शिंगांचे बैल शोधून दिले.

पण त्यांचं खरं नाव झालं ते मेलेल्या माणसांमुळे. बाप मेला की लोक त्याच्या मतदान कार्डाचा नखाएवढा फोटो घेऊन यायचे. दादा तो मोठा करायचे, साफ करायचे, त्याला कोट चढवायचे आणि जिवंत पोरांच्या मधोमध खुर्चीत बसवायचे. कोट एकच होता, निळा, डाव्या खिशात पेन असलेला. अर्ध्या तालुक्याचे मेलेले बाप त्या एका कोटात बसलेले आहेत. मी चेष्टा करायचो, दादा, वर गेल्यावर त्या कोटासाठी भांडणं लागतील. ते हसायचे नाहीत. या कामात त्यांना चेष्टा खपत नसे.

त्याचं कारण मला सिंधुवहिनींनी सांगितलं. दीपमाला ही त्यांची पहिली मुलगी. तीन वर्षांची असताना तापाने गेली. बाप फोटोग्राफर, घरात दोन कॅमेरे, आणि मुलीचा एकही फोटो नाही. आपल्याच घरचं काम, सकाळी काढू, मग काढू, असं करता करता राहून गेलं. तेव्हापासून दादांनी दोन नियम केले. स्टुडिओत उभ्या राहिलेल्या माणसाचा मूळ फोटो कधीही पुसायचा नाही. आणि प्रत्येकाचा पहिला फोटो हातात चिठ्ठी धरून काढायचा, चिठ्ठीवर नाव, पाडा आणि तारीख. दहा वर्षांनी कोणी रडत आलं तरी माणूस सापडला पाहिजे. असे हजारो मूळ फोटो कॉम्प्युटरला जोडायच्या दोन डब्यांमध्ये साठवलेले होते. पायांचं वेड आणि हे दोन नियम, एवढीच या माणसाची गोष्ट आहे. बाकीचं वाईट आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी चुनीलाल जीपमधून अकरा माणसं घेऊन आला. चुनीलाल घरकुलाची कामं घ्यायचा. कागदोपत्री काम दुसऱ्याच्या नावावर, सिमेंट तिसऱ्याचं आणि पुढे-पुढे करणारा हा. ती अकरा माणसं टेंभुर्णीपाड्याची. दादांनी एकेकाला राखाडी पडद्यासमोर उभं केलं, चिठ्ठी धरून एक फोटो, चिठ्ठीशिवाय एक. मग चुनीलालने मोबाईलमधून एका पक्क्या घराचा फोटो काढून दिला. गुलाबी भिंत, निळा दरवाजा, पत्र्याचं छप्पर. म्हणाला, ‘‘या सर्वासले या घरम्होरे उभा करी दे. फाईलले लावना शे.’’

‘‘एकच घर? अकरा माणसे?’’ दादांनी विचारलं.

‘‘घरे चालू शेतस रे भो. रस्ता नही, वर जीप जात नही. फोटो अटकना म्हणीसन पैसा अटकना. पावसानंतर घरे उभा व्हतीन.’’

दादांना ते पटलं. पटलं असं म्हणतो, पण खरं तर कामातली गंमत त्यांना आवडली. एका घराची अकरा घरं करायची होती. कुठे दरवाजा हिरवा केला, कुठे भिंतीला पिवळा रंग दिला, कुठे अंगणात शेवगा उभा केला, कुठे घर आरशात बघावं तसं उलटं फिरवलं. आणि अकरा जोडी अनवाणी पाय त्यांनी अशा सफाईने अंगणात टेकवले की मला समोर बोलावून दाखवलं. ‘‘देख, सावली देख,’’ म्हणाले. मी देखली आणि वाहवा केली.

नुसती वाहवा करून मी थांबलो नाही, तेही इथे सांगून टाकतो. त्याच दिवशी चुनीलालने माझ्याकडून अकरा कागद लिहून घेतले. ‘माझे घरकुल पूर्ण झाले असून मी त्यात कुटुंबासह राहत आहे. कामाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’ अक्षर माझं, अंगठे त्यांचे. त्यांना मी वाचून दाखवलं नाही. कोणी विचारलंही नाही. मोबाईलवरून जागा दाखवायची काय ती पद्धत असते, ती चुनीलालने कोणाला धरून जमवली ते त्यालाच ठाऊक.

घरं झाली नाहीत. तीन ठिकाणी जोती बांधली गेली, त्यांवर पुढे शेळ्या बसू लागल्या. पाड्यातली माणसं दरवर्षी विचारायला यायची, मग गुजरातेत निघून जायची. आम्ही दोघंही विसरलो. खोटं कशाला बोलू, विसरणं फार सोपं गेलं.

त्या अकरांमध्ये गोवाल नावाचा एकजण होता. चार वर्षांनी होळीला तो बायकोपोरीसह ऊसतोडीवरून परत आला. होळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच्या झोपडीला आग लागली. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. आत त्याची चार वर्षांची पोरगी काजल झोपली होती. गोवाल आत शिरला, पोरीला उचलून दारातून बाहेर फेकलं आणि वरचं आढं त्याच्या पाठीवर पडलं. काजलच्या कोपराला भाजलं, तेवढंच. गोवाल तिथेच गेला.

त्याची बायको कालीबाई. जळिताची मदत आणि डोक्यावर छप्पर मागायला ती तालुक्याला आली, तेव्हा तिला सांगितलं गेलं की तिच्या नवऱ्याच्या नावावर पक्कं घर आहे. सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर असलेलं घर जळेल कसं? पंचनाम्यात लिहिलं होतं, गुरांचा गोठा जळाला. तिने खूप सांगितलं. तेव्हा टेबलामागच्या बाबूने फाईल उघडून तिला फोटो दाखवला. हा तुझा नवरा ना? ती म्हणाली, हो. हे घर? तिने त्या फोटोची झेरॉक्स मागितली, बाबूने कटकट मिटावी म्हणून दिली, आणि ती घेऊन ती माझ्या दुकानात आली.

मी झेरॉक्स हातात घेतली आणि घर ओळखलं. पिवळी भिंत कागदावर करडी झाली होती, दरवाजा काळा, अंगणात शेवगा. मी तिला घेऊन समोर दादांकडे गेलो. मला वाटलं, आता ही बाई आरडाओरडा करील, दगड उचलील, आणि तिने उचलला असता तर बरं झालं असतं.

तिने झेरॉक्स काउंटरवर ठेवली. पहाडातली माणसं कलेक्टरलाही अरे-तुरे करतात, त्यात मानअपमान नसतो. मोडक्या मराठीत ती दादांना म्हणाली, ‘‘हा फोटो तू केला?’’

‘‘हो, बाई.’’

‘‘गोवालचा दुसरा फोटो नाही. सगळे कागद जळले. कार्ड जळलं.’’ तिने गोवालच्या अंगावर बोट ठेवलं, मग घरावर ठेवलं. ‘‘घर काढ, माणूस ठेव.’’

दादांनी झेरॉक्सकडे बघितलं. मग ते आत गेले. मला वाटलं फोटो काढून आणतील. बराच वेळ झाला म्हणून मी डोकावलो, तर ते राखाडी पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून होते.

‘‘मन्हाकडे मूळ फोटो शे, हेमकांत,’’ ते म्हणाले. ‘‘अकराना बी शेतस. हातमा चिठ्ठी, तारीख, मांगे पडदा. साहेबले दाखाडं ना, तं कोणी बी सांगी दी का घर खोटं शे.’’

‘‘आणि करणारा कोण, तेबी सांगी दी,’’ मी म्हणालो. ‘‘तुम्हीन अडकशात, दादा.’’

‘‘अडकसू.’’

मी त्यांना पुष्कळ समजावलं. वकिलाला विचारू, निनावी पत्र टाकू, पेपरवाल्याला गाठू. दादा ऐकेनात. सिंधुवहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी दादांनी बाहेर येऊन कालीबाईला सांगितलं की आधी पंचायत समितीतल्या साहेबांकडे जाऊ, घराचं बघू. गोवालचा फोटो ते नंतर करतील, मोठा, काचेच्या चौकटीतला. तोवर मूळ फोटोला हात लावायचा नाही, नाहीतर साहेब म्हणतील यातही कारागिरी केली. एवढं धोरण माणसाने लावलं, आणि तेच नडलं.

दादांचा जबाब मी लिहिला. ‘सदर अकरा छायाचित्रे मी स्वतः संगणकावर तयार केली असून प्रत्यक्षात सदर घरे अस्तित्वात नाहीत.’ छान, शुद्ध लिहिला. लिहिताना मी वाट बघत होतो, की दादा आता म्हणतील, ते अकरा कागद तुझ्या अक्षरात आहेत तेही टाक. ते म्हणाले नाहीत. मीही टाकलं नाही. फाईलीतलं अक्षर आणि जबाबातलं अक्षर एकच होतं, कोणीही दोन कागद शेजारी धरले असते तर कळलं असतं. आजवर कोणी धरले नाहीत.

साहेब नवीन होते, वयाने लहान. दादांनी टेबलावर एका बाजूला फाईलीतल्या फोटोच्या प्रती मांडल्या, दुसऱ्या बाजूला चिठ्ठीवाले मूळ फोटो. साहेबांनी दोन्ही निरखून बघितले. म्हणाले, ‘‘काम मात्र अप्रतिम केलंय तुम्ही.’’

दादांनी मूळ फोटो आणखी पुढे सरकवले.

‘‘म्हणजे शासनाची फसवणूक करणारी कागदपत्रं तुम्ही तयार केली, हे तुम्ही स्वतः लेखी देताय?’’

‘‘हो साहेब. या बाईला घर मिळालं पाहिजे.’’

‘‘त्याचं बघू,’’ साहेब म्हणाले, मांडलेले सगळे फोटो फाईलीत लावून घेतले आणि जबाबावर शिक्का मारला.

आठव्या दिवशी पोलीस स्टुडिओत आले. कॉम्प्युटर उचलला, कॅमेरा उचलला, साठवणीचे दोन्ही डबे उचलले, शटरला सील ठोकलं. त्या डब्यांत तीस वर्षांतली माणसं होती. दादा नुसते एवढंच म्हणत होते की एक फोटो काढून घेऊ द्या, एकच, दोन मिनिटांचं काम आहे. हवालदार म्हणाला, पुराव्याला हात लावता येत नाही. कालीबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला वाटलं, मशीन दुरुस्तीला चाललं आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना माझं डोकं फिरतं. गुन्हा दाखल झाला तो छगनदादांवर. चुनीलालने जबाब दिला की घराचा फोटो त्याने बॅनरसाठी नमुना म्हणून दिला होता, फोटोवाल्याने त्याचं काय केलं ते त्याला माहीत नाही. पाहणी करून सह्या करणारे दोघं बदलून गेले होते. चुनीलालची गाडी अजून रोज माझ्या दुकानावरून जाते, तो हात करतो, आणि लाज वाटते सांगायला, माझाही हात वर जातो. कालीबाईला उत्तर मिळालं की प्रकरण न्यायालयात असल्यामुळे निकाल लागेपर्यंत घरकुलाचा विचार करता येणार नाही. म्हणजे आधी तिच्या नावावर खोटं घर होतं म्हणून खरं मिळालं नाही, आणि आता ते खोटं होतं हे कबूल झालं म्हणून मिळत नाही. बाकीच्या दहांचंही तसंच. दहांपैकी चौघं दादांना शिव्या देऊन गेले. फोटो होता तोवर घर मिळायची आशा तरी होती, म्हणाले.

दादा तीन आठवडे आत होते, मग जामीन झाला. स्टुडिओ गेला तो गेलाच. सिंधुवहिनींना घेऊन ते म्हसावदला भावाच्या घरी राहायला गेले. तिथे पपईच्या बागेत राखणीला बसतात. कोणी म्हणतं मोबाईलवर फोटो काढून द्या, तर उठून जातात.

गेल्या महिन्यात ते तारखेला आले होते. तारीख पुढची पडली, नेहमीप्रमाणे. माझ्या दुकानात चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘कालीबाईकडे जावानं शे. तू संगे चाल. माले पावरी समजत नही.’’ आम्ही जीपने जिथवर रस्ता आहे तिथवर गेलो आणि पुढे दीड तास चाललो. साठीचा माणूस, चढावर तीनदा बसला.

जळलेल्या जागेवरच कालीबाईने पुन्हा कुडाची झोपडी घातली आहे. तिने आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. दादांना बघून तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मशीन आलं?’’

‘‘नाही, बाई,’’ दादा म्हणाले.

ती आत गेली आणि पत्र्याच्या डब्याचं एक झाकण घेऊन आली. झाकणावर ती झेरॉक्स चिकटवलेली होती. म्हणजे झेरॉक्समधला गोवाल. वाट बघून कंटाळून तिने स्वतःच कात्रीने घर कापून टाकलं होतं. कापताना एक कान गेला होता. पाय मात्र नीट होते, आणि पायाशी दादांनी काढलेली सावलीही शाबूत होती. ती गोवालचीच असेल असं समजून तिने जपून कापली होती. पण धुराने आणि हातांनी चेहरा पार गेला होता. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग राहिले होते.

तिने चुलीजवळच्या पिशवीतून काजलची शाळेची पेन्सिल काढली आणि दादांपुढे धरली. पूर्वी दादा पेन्सिलीने चेहरे करायचे, हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. ती माझ्याशी पावरीत बोलली. मी दादांना सांगितलं, ती म्हणते, नुसते डोळे कर. बाकीचं राहू दे.

दादांनी झाकण मांडीवर घेतलं. पेन्सिलीचं टोक दगडावर घासून बारीक केलं. कागदाच्या अगदी जवळ तोंड नेलं, मग लांब धरलं. पण पेन्सिल टेकत नव्हती. कालीबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने काजलला ओढून त्यांच्यासमोर उभं केलं आणि तिची हनुवटी वर केली. ‘‘असेच होते,’’ ती म्हणाली. ‘‘हेच डोळे.’’ पोरगी न हलता उभी राहिली, फोटो काढायला उभं राहतात तशी. भाजल्याचा चट्टा असलेला हात तिने पाठीमागे लपवला होता.

दादा त्या पोरीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिल बाजेवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसत नव्हते.

‘‘मी त्यानं तोंड देखंच नही, हेमकांत,’’ ते म्हणाले. ‘‘मन्हाम्होरे उभा व्हता, आनी मी पाय देखी ऱ्हायंतू.’’

कालीबाईला अहिराणी कळत नाही. तिने मला विचारलं, काय म्हणतो हा?

मी आयुष्यभर हेच काम केलं आहे, एकाचं बोलणं दुसऱ्याला समजेल असं करून द्यायचं. मी तिला सांगितलं, तो म्हणतो, ही पेन्सिल चांगली नाही, पुढच्या वेळी दुसरी घेऊन येतो. ती बरं म्हणाली, आणि झाकण उचलून आत ठेवायला गेली.